हरवलेला अनुस्वार : पडद्यावरच्या देवनागरीची गोष्ट

आजची गोष्ट एका ठिपक्याची आहे. ती आमच्या घरात घडली, म्हणून घरापासूनच सुरुवात करते.

आमचं घर कुरुदला. धमतरीकडचं कुरुद वेगळं. हे भिलाईचं, शहरात मुरून गेलेलं. बाबा विदर्भातून पोलाद कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, दाराच्या आत मराठी. पूर्वी टपालाने मराठी मासिकं यायची, ती एकेक करून थांबली. निवृत्तीनंतर बाबांचं मराठी वाचन उरलं ते संगणकाच्या पडद्यावरच. नागपूरची वर्तमानपत्रं, दिवाळी अंकांतले लेख, नातेवाइकांची पत्रं, सगळं तिथेच.

२०१३ साली घरातला जुना काचेचा मॉनिटर गेला आणि चपटा आला. दोन दिवसांत बाबांची तक्रार आली, "अगं, अक्षरं फार बारीक दिसतात." मी सेटिंगमध्ये गेले आणि रेझोल्यूशन कमी करून टाकलं. १३६६ बाय ७६८ चा पडदा ८०० बाय ६०० वर आणला. अक्षरं मोठी झाली. जरा बसकी दिसत होती, कडांना लालसर-निळसर झाक होती, पण मोठी होती. मी खूश, बाबाही खूश.

पुढे काही आठवड्यांनी बाबा संगणकासमोरून उठले ते चिडूनच. त्यांच्या जुन्या परिचयातले एक गृहस्थ गेले होते आणि ती बातमी एका मराठी मंडळाच्या पत्रकात आली होती. "त्याचे निधन म्हणे! त्याचे! उभा जन्म त्या माणसाने मंडळाची सतरंजी उचलली आणि गेल्यावर त्याला एकेरीत घालवता?" बाबा कागद घेऊन निषेधाचं पत्र लिहायला बसले. पत्र संपत आलं तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे, मी तीच फाईल माझ्या लॅपटॉपवर उघडली. तिथे स्वच्छ 'त्यांचे' होतं.

अनुस्वार मंडळाने खाल्ला नव्हता. तो मी खाल्ला होता, रेझोल्यूशन बदलताना.

पत्र अर्थात गेलं नाही. पण एवढासा ठिपका पडद्यावरून नाहीसा होतो कसा, या प्रश्नाने मला बराच काळ सोडलं नाही. त्याचं उत्तर शोधताना मी थेट दोनशे वर्षं मागे गेले. तेच आज तुम्हाला सांगते.

ठिपक्याचं वजन

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. मराठीत अनुस्वार म्हणजे फक्त नाकातला आवाज नाही. तो व्याकरण आहे. 'शेतकऱ्याचे कर्ज' म्हणजे एका शेतकऱ्याचं, 'शेतकऱ्यांचे कर्ज' म्हणजे सगळ्यांचं. 'घर' एक, 'घरं' अनेक. 'पुस्तक' एक, 'पुस्तकं' अनेक. आपण बोलतो तशी मराठी लिहायची म्हटली की 'केलं', 'झालं', 'गेलं' यांतही ठिपका हवाच. आणि 'त्याचे'-'त्यांचे' मधला ठिपका तर माणसाचा मानच ठरवतो.

जुनी मराठी पुस्तकं उघडलीत तर पानभर अनुस्वार दिसतील. त्यांतले कितीतरी उच्चारात नव्हते, फक्त व्युत्पत्तीसाठी लिहिले जात. साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. याचा अर्थ असा, की जे अनुस्वार उरले ते सगळे कामाचे आहेत. आता पानावरचा एकही ठिपका शोभेचा नाही. त्यातला एक जरी हरवला तरी वाक्याचा अर्थ बदलू शकतो.

या ठिपक्याचं घर कुठे? शिरोरेषेच्या वर. तिथे तो एकटा राहत नाही. मात्रा, वेलांटी, रफार, चंद्र, सगळे त्याच माळ्यावर. 'सर्वांना' या शब्दात रफार आणि अनुस्वार शेजारी येतात. 'कीर्ती' मध्ये वेलांटी आणि रफार एकमेकांना खेटतात. शिरोरेषेखाली अक्षराचं अंग, आणि त्याच्याही खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली जोडाक्षरं. म्हणजे आपली ओळ तीन मजली आहे. रोमन लिपीतही वर जाणारे आणि खाली उतरणारे दांडे असतात, पण तिथे एकाच अक्षराला एकाच वेळी सहसा तीन मजले लागत नाहीत. 'मूर्ती' या दोन अक्षरी शब्दात तिन्ही मजले भरलेले असतात.

हे तीन मजले ध्यानात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्यांच्याभोवतीच फिरतो.

आधी रेघ, मग अक्षर

आमच्या छत्तीसगडात मराठी लेखन आलं ते भोसल्यांच्या कारभाराबरोबर. रतनपूरहून राज्य करणारे बिंबाजी भोसले १७८७ पर्यंत इथे होते. त्यांच्या काळात कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. मोडी लिहिण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. लेखक आधी कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जातो. आधी रेघ, मग अक्षर. ही साधी रीत पुढे पडद्यावर किती कामाला आली, ते शेवटी सांगते.

छपाईत मात्र रेघ आधी ओढता येत नव्हती. छपाईत रेघेचे तुकडे होतात. प्रत्येक खिळ्यावर शिरोरेषेचा एक तुकडा, आणि ते तुकडे जुळले तर रेघ. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ साली विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, ते देवनागरी खिळ्यांत. त्याच केरीचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांत आहे. म्हणजे मराठीला छपाईत सुरुवातीला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पुढे बाळबोध, म्हणजे देवनागरी जिंकली.

तिला देखणं केलं मुंबईने. जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, तिथे ओतकाम शिकले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी पंच कोरणारे राणूजी रावजी आरू. पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तेही त्याच्या सगळ्या वळणांसह. निर्णयसागरचं एखादं जुनं पुस्तक मिळालं तर भिंग घेऊन पाहा. बारीकशा अक्षरातही अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला नाही. ठिपका आणि रेघ यांच्यामध्ये केसभर पांढरी जागा आहे. वाचता येतं ते त्या पांढऱ्या जागेमुळे.

मुंबईत जी पद्धत रुळली तिला डिग्री पद्धत म्हणत. मधल्या अक्षराचा खिळा वेगळा, वरच्या मात्रा-रफार-अनुस्वारांचे खिळे वेगळे, खालच्या उकारांचे वेगळे. खिळे जुळवणारा माणूस एकेक ओळ तीन थरांत रचायचा. कलकत्त्याकडे अखंड पद्धत होती, तिथे अक्षर पूर्ण उंचीच्या एकाच खिळ्यावर. दोन्ही पद्धतींत खिळ्यांची संख्या शेकड्यांत जायची. कष्ट अफाट, पण तीन मजल्यांतला एकही मजला कमी केला नव्हता.

यंत्र म्हणालं, लिपी बदला

विसाव्या शतकात यंत्रं आली आणि ही शेकडो चिन्हं त्यांना परवडेनात. टंकलेखन यंत्राच्या कळा मोजक्या, लायनोटाइपच्या खणांना मर्यादा. मग उलटा विचार सुरू झाला: यंत्र बदलता येत नसेल तर लिपी बदलू. सावरकरांनी 'अ' ची बाराखडी सुचवली, इ ऐवजी अि, उ ऐवजी अु. काही नियतकालिकांनी आणि पुस्तकांनी ती वापरलीही. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीऐवजी उजवीकडे द्यावी असं ठरलं. ते लोकांना पचलं नाही आणि पुढे मागे घ्यावं लागलं.

या सुधारकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना देवनागरी जगवायचीच होती. पण त्या काळात आपण यंत्रापुढे मान तुकवत होतो, हेही खरं.

ती मान ताठ झाली ती संगणकामुळे, आणि त्याची एक ठळक तारीख सांगता येते. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीत तिसरं विश्व हिंदी संमेलन भरलं होतं. तिथे कानपूरच्या आयआयटीने तयार केलेलं देवनागरी टर्मिनल लोकांनी पाहिलं. कळ दाबली की अक्षर उमटे, पुढची कळ दाबली की त्याचं जोडाक्षर होई. वापरणाऱ्याने फक्त उच्चाराच्या क्रमाने लिहायचं. कुठला आकार घ्यायचा ते यंत्राने ठरवायचं. लिपी जशीच्या तशी आणि बदललं ते यंत्र.

त्या कामातून जिस्ट तंत्रज्ञान आलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि जिस्ट तिथे वाढलं. संगणकाच्या आत एक कार्ड बसवायचं, की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी दिसे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं संकेतन मानक म्हणून प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला जागा मिळाली, ती इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेली.

म्हणजे १९९१ पर्यंत अक्षर साठवण्याचा प्रश्न सुटला होता. अक्षर दाखवण्याचा नव्हता. मुळात दिसणं ही वेगळीच लढाई आहे.

सोळा ओळींत तीन मजले

पडदा म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. त्या काळच्या संगणकांवर एका इंचात ९६ ठिपके धरले जात. या हिशेबाने बारा पॉइंटचं अक्षर म्हणजे सोळा ठिपक्यांची उंची. आता या सोळा ओळींत आपले तीन मजले बसवा. समजा वरच्या माळ्याला चार, शिरोरेषेला एक, अंगाला सात, खालच्या मजल्याला चार. वरच्या चार ओळींत रफार, त्याच्या शेजारी दोन बाय दोनचा अनुस्वार, आणि अनुस्वार व शिरोरेषा यांच्यात एक रिकामी ओळ. राणूजी आरूंनी पोलादात ठेवलेली ती केसभर पांढरी जागा इथे एका ठिपक्याची आहे. ती भरली की अनुस्वार शिरोरेषेत बुडाला.

अशा जाळीत गोलाई आणि तिरप्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात. त्यावर एक जुना उपाय आहे. ठिपका नुसता काळा किंवा पांढरा न ठेवता करडाही करायचा. रेघ ज्या चौकोनातून अर्धीच जाते तो चौकोन अर्धा करडा. दुरून पाहिलं की डोळ्याला कड गुळगुळीत वाटते. इंग्रजीत याला अँटी-अलायझिंग म्हणतात. आपण कडा मऊ करणं म्हणू. जॉन वॉरनॉक यांनी, ज्यांनी पुढे ॲडोबी ही कंपनी काढली, १९८० मध्येच अक्षरं करड्या छटांत कशी दाखवावीत यावर निबंध लिहिला होता.

यात एक गोम आहे. तिरपी रेघ मऊ केली तर सुंदर दिसते. पण सरळ आडवी रेघ? ती बरोबर एका ओळीत बसली तर काळीभोर आणि धारदार. अर्धी एका ओळीत आणि अर्धी दुसऱ्या ओळीत पडली, तर एका काळ्या रेघेच्या जागी दोन करड्या रेघा. रोमन लिपीत अशी ओळभर आडवी रेघच नाही. आपल्याकडे ती प्रत्येक शब्दावर आहे. शिरोरेषा अर्ध्या ओळीने सरकली, की अख्खं पान राखाडी दिसतं आणि तिच्या वरची पांढरी ओळ करड्यात बुडते. मग अनुस्वार गेला.

म्हणून फाँटच्या आत सूचना लिहाव्या लागतात: या आकाराला शिरोरेषा नेमकी या ओळीवर बसव, ठिपका आणि रेघ यांत एक ओळ मोकळी सोड. याला हिंटिंग म्हणतात. १९९१ मध्ये ॲपलने ट्रूटाइप फाँट आणले, त्यांत अशा सूचनांसाठी एक पूर्ण भाषाच होती. काम अतिशय किचकट. प्रत्येक आकारासाठी, प्रत्येक चिन्हासाठी.

मंगल

हे काम मराठी माणसाच्या हातून झालं, हे सांगताना मला बरं वाटतं. रघुनाथ कृष्ण जोशी, सगळे त्यांना र. कृ. जोशी म्हणत. जे. जे. कलाशाळेतून शिकलेले, जाहिरात क्षेत्रात नाव मिळवलेले, सुलेखनकार, कवी, पुढे मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्टसाठी भारतीय लिप्यांचे फाँट केले. त्यांतला देवनागरी फाँट म्हणजे मंगल. विंडोज २००० बरोबर तो लाखो संगणकांवर पोचला. जोशी २००८ मध्ये गेले.

मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. छापील पानावर तो सैल, रुंद दिसतो, हे खरंच. पण तो छापील पानासाठी केलेलाच नाही. त्याची अक्षरं रुंद आहेत, पोटातल्या पोकळ्या मोठ्या आहेत, ओळींमधलं अंतर भरपूर आहे. हे सगळं पडद्यावरच्या त्या मोजक्या ओळींसाठी. बोरूने वळणदार अक्षर काढणाऱ्या माणसाने आपली वळणं बाजूला ठेवून चौकोनी ठिपक्यांची जाळी मान्य केली. मंगल पाहताना मला हा संयम दिसतो.

आडव्या दिशेची क्रांती

आता माझ्या चुकीच्या जवळ आपण पोचतो आहोत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये बिल गेट्स यांनी लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात क्लिअरटाइप जाहीर केलं. कल्पना हुशार होती. चपट्या पडद्याचा प्रत्येक ठिपका म्हणजे मुळात तीन उभ्या पट्ट्या असतात: लाल, हिरवी, निळी. मग कड मऊ करताना पूर्ण ठिपका कशाला, एकेक पट्टी वापरू. पट्ट्या शेजारी शेजारी असल्यामुळे आडव्या दिशेने बारकाई तिप्पट होते. १३६६ ठिपक्यांच्या ओळीत ४०९८ पट्ट्या. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ही सोय होती, पण आपणहून चालू करावी लागे. २००७ मध्ये आलेल्या विस्टामध्ये ती आधीपासूनच चालू होती.

पण तिप्पट झालं ते आडव्या दिशेने. उभ्या दिशेने, म्हणजे ७६८ ओळींत, काहीच वाढलं नाही. रोमन लिपीला हे उत्तम मानवतं, कारण तिची अक्षरं उभ्या दांड्यांवर उभी असतात आणि दांडा किती जाड, कुठे पडतो, हा आडव्या दिशेचा प्रश्न आहे. आपली गर्दी उभ्या दिशेची आहे. माळ्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांना ढकलतात ते तिथे. जिथे आपल्याला जागा हवी होती तिथे ती मिळाली नाही. सुरुवातीच्या क्लिअरटाइपमध्ये उभ्या दिशेने कडा मऊ होतच नव्हत्या, त्यामुळे वेलांटीची कमान आणि मात्रेचा उतार पायरीपायरीने दिसत. एक फायदा मात्र झाला: शिरोरेषा धारदार राहिली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये डायरेक्टराइट आलं आणि उभ्या दिशेनेही कडा मऊ करता येऊ लागल्या. त्याच आवृत्तीसोबत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे फाँट आले. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर निर्मला आला.

यात कोणी देवनागरीचा दुस्वास केला असं मी म्हणणार नाही. ज्या लिपीचे वाचक समोर बसलेले असतात तिच्या गरजा आधी दिसतात, इतकंच. आजही विंडोजमध्ये क्लिअरटाइप आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यायला गेलात, तर निवडायला समोर येणारे नमुने रोमन लिपीतले असतात. 'कीर्ती' चांगलं कुठल्या नमुन्यात दिसतं, हे तिथे कोणी विचारत नाही.

वरून खाली

दुसरीकडे, लिनक्समध्ये आणि पुढे अँड्रॉइड फोनमध्येही अक्षरं काढण्याचं काम फ्रीटाइप नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. ट्रूटाइपच्या सूचना पाळण्यावर ॲपलची पेटंटं होती, त्यामुळे २०१० पर्यंत ती सोय त्यात मूळ रूपात बंद ठेवलेली असे. म्हणून फ्रीटाइपने स्वतःचा मार्ग काढला. फाँटमध्ये सूचना नसल्या तरी अक्षराचा आकार पाहून यंत्रानेच रेघा ओळींवर बसवायच्या.

या स्वयंचलित हिंटिंगमध्ये पुढे देवनागरीची भर पडली, तेव्हा झालेली एक गोष्ट मला फार आवडते. कुठल्याही लिपीची रेघ किती जाड हे मोजायला त्यात एक नमुना अक्षर लागतं. रोमनसाठी ते 'ओ'. देवनागरीसाठी निवडली गेली ती 'ठ', 'व' आणि 'ट' ही अक्षरं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रोमन अक्षर खालून वर बसवलं जातं. आधी पायाची ओळ पक्की, मग वरचं. देवनागरीसाठी ही दिशा उलटी केली. आधी वरची शिरोरेषा ओळीवर पक्की बसवायची आणि मग बाकीचं अक्षर तिला टांगत खाली उतरायचं.

आधी रेघ, मग अक्षर. बिंबाजींच्या काळातला मोडी लिहिणारा कारकून हेच करत होता.

नंतर पडदेच बदलले. २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ च्या पडद्यावर एका इंचात ३२६ ठिपके होते, म्हणजे ९६ च्या तिपटीहून जास्त, आणि तेही दोन्ही दिशांनी. आपल्या तीन मजल्यांना प्रथमच खरीखुरी उंची मिळाली. फोन उभा-आडवा फिरतो, त्यामुळे तीन पट्ट्यांची युक्ती तिथे फारशी टिकत नाही. ॲपलने २०१८ मध्ये मॅकवरही ती सोडून दिली. आज चांगल्या फोनवर 'सर्वांना' मधला रफार आणि अनुस्वार वेगवेगळे दिसतात, त्याचं मोठं श्रेय या दाट ठिपक्यांना आहे.

मग प्रश्न संपला का? नाही. शाळांच्या संगणक खोल्यांत, ग्रामपंचायतींत, सेवा केंद्रांत, आमच्यासारख्या घरांत अजून ९६ ठिपक्यांचेच पडदे आहेत. सात-बारा, दाखले, निकाल, नोटिसा तिथेच वाचल्या जातात.

बाबांचा पडदा

आता माझी चूक नीट समजेल. चपट्या पडद्याला स्वतःची ठरलेली जाळी असते. ७६८ ओळींच्या पडद्याला मी ६०० ओळींचं चित्र दिलं. त्याने ते ताणलं. एका ओळीची शिरोरेषा १.२८ ओळींवर पसरली. म्हणजे एक ओळ काळी आणि शेजारची करडी. ठिपका आणि रेघ यांच्यातल्या पांढऱ्या ओळीत हा करडेपणा उतरला. आडव्या दिशेने ताण आणखी जास्त, १.७ पट, म्हणून अक्षरं बसकी. लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांसाठी केलेली मऊ कड भलत्याच पट्ट्यांवर पडली, म्हणून रंगीत झाक. र. कृ. जोशींपासून सगळ्यांनी ओळीओळीने जे बसवलं होतं, ते मी एका क्लिकमध्ये उसकटलं होतं.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. तुमच्याही घरी कोणाचे डोळे थकलेले असतील, म्हणून क्रमाने सांगते. पहिलं, रेझोल्यूशन पडद्याच्या मूळ आकड्यावर परत न्या. सेटिंगमध्ये त्याच्यापुढे शिफारस केलेलं असं लिहिलेलं असतं. दुसरं, अक्षरं मोठी हवी असतील तर मापन, म्हणजे स्केलिंग, १२५ किंवा १५० टक्के करा. यात चित्र ताणलं जात नाही, अक्षर नव्याने मोठं काढलं जातं. तिसरं, क्लिअरटाइपचे नमुने निवडताना रोमन नमुन्यांवर थांबू नका. निवड झाल्यावर एक मराठी फाईल उघडा आणि त्यात हे शब्द पाहा: त्यांचे, सर्वांना, कीर्ती, मूर्ती, शेतकऱ्यांचं. चौथं, वाचणाऱ्याला स्वतः निवडू द्या. माझ्या डोळ्यांना जे छान दिसलं ते बाबांना फिकट वाटलं. त्यांनी निवडलेलं मला जाड वाटतं. पडदा त्यांचा आहे.

आणखी एक, महाराष्ट्राबाहेरच्यांसाठी खास. देवनागरीत 'ल' आणि 'श' ची दोन वळणं आहेत, मराठी आणि हिंदी. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी वर्णमाला प्रमाणित केली, त्यात मराठी वळणं आहेत. आता बरेच फाँट मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तर आपोआप मराठी वळण दाखवतात. आमच्याकडे सगळ्या संगणकांवर भाषा हिंदी लावलेली असते, म्हणून इथली मुलं मराठी वाचतात तीही हिंदी वळणात. भाषेची नोंद बदलायला काहीच खर्च नाही.

सगळं झाल्यावर बाबांनी ते पत्रक पुन्हा उघडायला लावलं. चष्मा लावून जवळ गेले, मग मागे सरकले. "आहे," म्हणाले. मग निषेधाचं ते अर्धवट पत्र फाडलं आणि त्याच कागदाच्या पाठीमागे त्या गृहस्थांच्या घरच्यांना सांत्वनाचं पत्र लिहायला घेतलं. हाताने. प्रत्येक शब्दावर आधी अक्षरं, मग शिरोरेषा, आणि शेवटी अनुस्वार, जरा दाबूनच दिलेले.

मंडळी, मराठी टिकावी म्हणून आपण सभा घेतो, ठराव करतो. ते करूच. पण जो माणूस कुरुदला, इंदूरला, बेळगावला किंवा बडोद्याला बसून पडद्यावर मराठी वाचतो, त्याला ती न शिणता वाचता यायला हवी. वाचताना डोळे दुखले, की माणूस तक्रार करत नाही. तो हळूच दुसऱ्या भाषेकडे वळतो, आणि घरातली मुलं तर त्याच्याही आधी.

आज घरी जाल तेव्हा आईबाबांच्या पडद्यासमोर एकदा त्यांच्या जागेवर बसून पाहा. अनुस्वार दिसतोय ना, तेवढं बघा.

पुढच्या भागात कळफलकाबद्दल बोलू: इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला का आले, याची गोष्ट. तोवर नमस्कार.